जहाजाच्या पोटाखालचे फुकटे

समजा, उद्या तुम्हाला अंटार्क्टिकाला जायला मिळालं. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून जहाजात बसलात, दोन दिवस उलट्या काढल्या (तिथला समुद्र भारी वांड आहे, मुरलेले खलाशीसुद्धा आडवे होतात) आणि एकदाचे किनाऱ्याजवळ पोचलात. आता धूम पळत सुटायचं आणि पेंग्विनला गाठायचं? छे! आधी रांगेत उभं राहायचं. बूट उलटे करून दाखवायचे. तळव्याच्या खाचांत अडकलेली माती ब्रशनं खरवडून काढायची, मग बूट जंतुनाशक पाण्यात बुडवायचे. जॅकेटचे खिसे बाहेर काढून व्हॅक्यूम क्लीनरनं साफ करायचे. ती चर्र करून उघडणारी वेल्क्रोची पट्टी असते ना, तिच्यात गवताची कुसळं हमखास अडकतात. ती चिमट्यानं एकेक करून वेचायची.

एवढं सोवळं कशासाठी, असं वाटेल. त्याला कारण आहे. २००७-०८ च्या मोसमात शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाला जाणाऱ्या माणसांचे कपडे, पिशव्या आणि बूट असेच झाडून-पुसून तपासले होते. हिशेब मांडला तेव्हा कळलं, की त्या एका उन्हाळ्यात माणसांच्या अंगाखांद्यावर बसून सुमारे ७०,००० बिया अंटार्क्टिकात पोचल्या असणार. पाहुणे आले आणि खिशात रान घेऊन आले! तेव्हापासून बुटांची धुलाई आणखी कडक झाली.

पण जरा खाली बघा. तुम्ही डेकवर उभे राहून बूट घासताय आणि तुमच्या पायांखाली, पाण्यात बुडालेलं आहे जहाजाचं भलंमोठं पोट. हे पोट गेल्या वर्षभरात पाच-पंचवीस बंदरांच्या पाण्यात डुंबून आलंय. त्याचे खिसे कुणी तपासले?

समुद्रात काहीही ठेवा, त्यावर कुणी ना कुणी येऊन बसतंच. कोकणात होडी किनाऱ्यावर ओढली की तिचं बूड खरवडतात, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. आधी बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ, मग टणक कवचाचे बार्नेकल, मग शिंपल्या. मोठ्या जहाजांना यासाठी खास विषारी रंग लावतात. शिवाय ध्रुवाकडे जाणाऱ्या जहाजाला आणखी एक मदतनीस मिळतो, तो म्हणजे बर्फ. समुद्रावरचा बर्फ फोडत जहाज पुढे जातं तेव्हा बर्फाचे धारदार तुकडे जहाजाची बाजू खसाखसा घासून काढतात. मग काळजी कसली, हो ना?

इथेच घोळ आहे. एक तर हा बर्फ जिवांबरोबर तो महागडा रंगही खरवडून नेतो, म्हणजे पुढच्या बंदरात नव्या पाहुण्यांना बसायला जागा मोकळी. आणि दुसरं म्हणजे जहाजाच्या पोटाला खळगे असतात. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी लागतं. ते आत घेण्यासाठी पोटात एक पोकळ पेटी केलेली असते. बाहेरून जाळी, आत अंधारी खोली, आणि तिथून पाणी पंपाकडे जातं. हिला म्हणतात सी-चेस्ट. शिंपलीच्या नजरेनं या खोलीकडे बघा. बर्फ आत येत नाही. लाटांचा मार नाही. ताजं पाणी सतत येतंय आणि त्याच्याबरोबर खाण्याचे बारीक कणही. हलायचं नाही, शिकार करायची नाही, तोंड उघडं ठेवलं की पोट भरतं. आणि वर जगाची सफर फुकट!

दक्षिण आफ्रिकेचं ‘एस. ए. अगुल्हास’ नावाचं जहाज होतं. केपटाऊनहून निघून अंटार्क्टिकातल्या संशोधन केंद्राला माणसं आणि सामान पोचवायचं, हे त्याचं काम. हे जहाज दुरुस्तीसाठी सुक्या गोदीत उभं असताना शास्त्रज्ञांनी त्याची सी-चेस्ट उघडली. आत शिंपल्यांची वस्ती! काही शिंपल्या इतक्या मोठ्या, की त्या अंटार्क्टिकाची वारी करून जिवंत परत आलेल्या होत्या हे उघड होतं. २००७ साली हा शोध प्रसिद्ध झाला. या शिंपल्या मुळात दक्षिण आफ्रिकेच्याही नव्हत्या. त्या भूमध्य समुद्रातल्या. काही दशकांपूर्वी जहाजांबरोबरच दक्षिण आफ्रिकेत आल्या, तिथल्या खडकांवर पसरल्या, आणि आता पुढची गाडी पकडून बसल्या होत्या.

या शिंपल्या अंटार्क्टिकाला स्वतःहून का नाही पोचल्या? समुद्र तर सगळा एकच आहे.

एकच आहे, पण त्यात एक भिंत आहे, पाण्याचीच. अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रचंड प्रवाह गोल गोल फिरत असतो. पृथ्वीला पूर्ण वळसा घालणारा हा एकमेव समुद्रप्रवाह, कारण त्याच्या वाटेत कुठे जमीनच आडवी येत नाही. जगातल्या सगळ्या नद्यांचं पाणी एकत्र केलं तरी त्याच्या शंभरपटीहून जास्त पाणी हा प्रवाह वाहून नेतो. त्याच्यात एक सीमारेषा आहे, ती ओलांडली की थोड्याच अंतरात समुद्र दोन-तीन अंशांनी थंड होतो. उत्तरेकडून तरंगत आलेलं इवलंसं पिल्लू या प्रवाहात सापडलं की पूर्वेकडे भरकटत जातं. चुकून पलीकडे गेलंच, तर तिथलं पाणी हिवाळ्यात उणे १.८ अंशापर्यंत उतरलेलं असतं. खारं म्हणून ते गोठत नाही एवढंच. कोट्यवधी वर्षं हा पहारा चालू आहे.

आणि या पहाऱ्याच्या आत काय वाढलंय, ते ऐकाल तर चाट पडाल. रक्तात तांबडा रंगच नसलेले मासे. रक्त गोठू नये म्हणून अंगातच गोठणरोधक बनवणारे मासे. समुद्रकोळी, म्हणजे दिसायला कोळ्यासारखे आठ-दहा काटकुळ्या पायांचे प्राणी. आपल्याकडचे समुद्रकोळी शोधायला भिंग घ्यावं लागेल, तिथले पाय पसरून जेवणाचं ताट व्यापतात. माणसापेक्षा कितीतरी जुने असू शकतील असे स्पंज. आणि तळावर गालिचा अंथरावा तसे ठिसूळ तारामासे.

एक प्राणी मात्र तिथल्या उथळ पाण्यात जवळजवळ नाहीच. खेकडा! कवच फोडून खाणारा पटाईत शिकारी तिथे नाही. शार्क नाहीत, कवचं चिरडणारे मासे नाहीत, खेकडे नाहीत. म्हणून तिथल्या कित्येक शंख-शिंपल्यांची कवचं पातळ आणि तारामासे बिनधास्त उघड्यावर पसरलेले. लाखो वर्षं कडीकोयंडा न लावता झोपलेलं गाव म्हणा.

खेकडे का नाहीत, याचं कारण मला स्वतःला फार आवडतं, कारण ते कुणाच्या सहज डोक्यात येणार नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असतं. ते खेकड्याच्या रक्तात शिरतं आणि खेकडा ते सतत बाहेर टाकत राहतो. पाणी फारच थंड झालं की हे बाहेर टाकण्याचं काम त्याला झेपत नाही. रक्तात मॅग्नेशियम साठतं, आणि मॅग्नेशियम म्हणजे गुंगीचं औषधच. खेकडा सुस्तावतो, नांग्या जड होतात, कल्ल्यांवरून पाणी खेळवणंही जमेनासं होतं. थंडीनं नाही, गुंगीनं मरतो बिचारा. आता याची दुसरी बाजू लक्षात आली का? पाणी एखाद-दोन अंशांनी जरी कोमट झालं, तरी ही गुंगी उतरू शकते. आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प, म्हणजे त्या खंडाची दक्षिण अमेरिकेकडे निघालेली शेपटी, हा पृथ्वीवरच्या झपाट्यानं तापणाऱ्या भागांपैकी एक आहे. पर्यटकांची सगळ्यात जास्त गर्दीही नेमकी तिथेच.

१९८६ साली या द्वीपकल्पाजवळच्या समुद्रातून दोन खेकडे जाळ्यात आले. एक नर, एक मादी. त्यांची खरी ओळख पटून ती प्रसिद्ध व्हायला २००४ साल उजाडलं आणि तेव्हा सगळे चक्रावले. हा खेकडा होता उत्तर अटलांटिकमधला! म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा, थेट उत्तर ध्रुवाजवळच्या थंड पाण्यापर्यंत राहणारा. पोहत यायचं तर विषुववृत्ताचं कोमट पाणी ओलांडावं लागेल, ते त्याला शक्य नाही. माणसाच्या जहाजाशिवाय त्याला दुसरी वाटच नव्हती.

यावर विचार करताना मला एक गोष्ट फार खटकते. उत्तरेत उन्हाळा असतो तेव्हा दक्षिणेत हिवाळा. त्यामुळे काही जहाजं जून-जुलैमध्ये आर्क्टिकला फेऱ्या मारतात आणि डिसेंबर-जानेवारीत अंटार्क्टिकाला. धंद्याच्या दृष्टीनं एकदम हुशारीचं काम. पण याचा अर्थ, थंडीत राहायची सवय असलेले प्राणी एका ध्रुवावर चढतात आणि दुसऱ्या ध्रुवावर उतरतात. मुंबईच्या गोदीतला प्राणी अंटार्क्टिकात पहिल्याच दिवशी गारठून मरेल. आर्क्टिकमधल्याला मात्र वाटेल, आलो की घरी!

केंब्रिजच्या आणि ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ ते २०१८ या काळातल्या जहाजांचे मार्ग तपासले. अंटार्क्टिकाला येणारी जहाजं जगातल्या तब्बल १,५८१ बंदरांशी जोडलेली निघाली. त्यात सर्वांत जास्त फेऱ्या पर्यटकांच्या जहाजांच्या, त्याखालोखाल संशोधनाच्या, मग मासेमारीच्या. हो, शास्त्रज्ञांचीही जहाजं त्यात आहेत, आणि आपलीही आहेत. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती, आणि आज तिकडे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली केंद्रं चालू आहेत. जहाज गेल्याशिवाय तिथे पीठ-मीठसुद्धा पोचत नाही.

अंटार्क्टिकाजवळ डिसेप्शन नावाचं एक अजब बेट आहे. मध्ये समुद्र शिरलेला जिवंत ज्वालामुखीच तो! जहाजं अरुंद फटीतून थेट ज्वालामुखीच्या तोंडात जाऊन नांगर टाकतात. किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळूतून वाफा येतात आणि पाणी गरम असतं. २०१० मध्ये तिथे दक्षिण अमेरिकेकडचा एक छोटा खेकडा सापडला. मादी होती, आणि तिच्या पोटाखाली अंडी होती. जागा निवडण्यात बाई चुकली नव्हती!

मग २०१९ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटापाशी उथळ पाण्यात इवल्या इवल्या शिंपल्या सापडल्या. आपल्याकडच्या शिनाण्यांच्या भाऊबंदांपैकी. डीएनए तपासला तर त्यांचं गाव निघालं दक्षिण अमेरिकेचं खालचं टोक, पॅटागोनिया. जहाजांच्या नोंदी पाहिल्या तर नेहमीची वाटही तीच. पिल्लं तिथल्या पाण्यात रुजून शिंपली होण्यापर्यंत पोचली होती, म्हणजे थंडीची पहिली परीक्षा पास!

एवढ्याशा शिंपल्यांनी काय होणार, असं म्हणाल. शिंपली एकटी राहत नाही. ती चिवट दोऱ्यांनी खडकाला धरते, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि बघता बघता खडकाचा गालिचा बदलून जातो. परका प्राणी खरोखर स्थिरावला तर काय होतं, हे अंटार्क्टिकाच्या समुद्रात अजून पाहायला मिळालेलं नाही, ते बरंच आहे. पण उत्तर ध्रुवाच्या दारात ते घडलंय, आणि तिथे तर पाहुणा चोरून आला नव्हता. त्याला विमानात आणि रेल्वेत बसवून आणलं होतं!

हा पाहुणा म्हणजे लाल राजखेकडा. राजा कसला, राक्षसच. पाय पसरले की दीड मीटरच्या वर, वजन दहा किलोपर्यंत. त्याचे पाय मोजलेत तर एक गंमत कळेल. साध्या खेकड्याला नांग्या धरून दहा पाय दिसतात, याला आठच. शेवटची जोडी अगदी बारीक आणि कवचाखाली दडलेली. कारण हा खेकड्यांपेक्षा शंखात राहणाऱ्या खेकड्यांचा जवळचा नातेवाईक आहे. त्याचं मूळ घर प्रशांत महासागरात, रशियाच्या पूर्व टोकाला. सोव्हिएत शास्त्रज्ञांना वाटलं, हा चविष्ट प्राणी देशाच्या पश्चिमेकडच्या बॅरेंट्स समुद्रातही असला तर किती छान! लोकांना खायला मिळेल. १९६१ ते १९६९ या काळात त्यांनी अख्खा खंड ओलांडून अडीच हजारांहून जास्त मोठे खेकडे, हजारो छोटे खेकडे आणि लाखो पिल्लं मुर्मान्स्कजवळच्या पाण्यात सोडली.

आधी काही वर्षं सामसूम. मग १९७७ साली शेजारच्या नॉर्वेत खेकडा जाळ्यात आला. त्याला कुठे माहीत देशाची हद्द! एक मादी एका वेळी लाखो अंडी घालते. कोळ्यांची जाळी खेकड्यांनी भरून फाटायला लागली, गळाला लावलेलं आमिष मासा यायच्या आत खेकडेच फस्त करू लागले. तळावर तर मेजवानीच चालली होती. शिंपल्या, तारामासे, समुद्री साळू, किडे, दिसेल ते पोटात. शेतात गांडुळं जे करतात तेच काम समुद्राच्या चिखलात मोठे किडे करतात, बिळं करून हवा खेळती ठेवतात. खेकड्यांनी तेच संपवले. नॉर्वेतल्या वारांगर फियॉर्डमध्ये (फियॉर्ड म्हणजे जमिनीत खोल शिरलेली खाडी) शास्त्रज्ञांनी पाहिलं तर खालचा चिखल बिघडलेला होता, त्यात प्राणवायू पूर्वीइतका खोल पोचत नव्हता.

पण थांबा, गोष्ट इतकी सरळ नाही. याच फियॉर्डवर बुगोयनेस नावाचं छोटं गाव आहे. मासेमारी बुडाली, कारखाना बंद पडला, तेव्हा १९८९ मध्ये गावकऱ्यांनी चक्क वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्या अख्ख्या गावाला कुणी दक्षिणेत राहायला जागा देता का? गाव हललं नाही. पुढे त्याला सावरलं ते याच खेकड्यानं. आज तो जगातल्या महागड्या हॉटेलांत जातो आणि पर्यटक त्याला पाहायला गावात येतात. मग आता नॉर्वेनं करायचं काय? त्यांनी नकाशावर एक रेघ ओढली. २६ अंश रेखांशाच्या पूर्वेला खेकडा जपून, ठरलेल्या मापानं पकडायचा. पश्चिमेला दिसेल तितका पकडा, लहान-मोठा बघू नका. एकच प्राणी रेघेच्या एका बाजूला लक्ष्मी आणि दुसऱ्या बाजूला उपद्रव. मला विचाराल तर हे उत्तर अर्धवट आहे, पण याहून बरं मला सुचत नाही.

नवा प्राणी दिसला की प्रत्येक वेळी जहाजालाच दोषी धरायचं असंही नाही बरं का. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर २००४ साली निळ्या शिंपल्या सापडल्या, तब्बल हजारएक वर्षांनी. त्या तापलेल्या प्रवाहाबरोबर तरंगत आल्या असाव्यात. किंग जॉर्ज बेटावर २०१७ मध्ये केल्प या राक्षसी शेवाळाचे तुकडे सापडले, ते २०,००० किलोमीटरहून जास्त भटकून आले होते! म्हणजे पाण्याच्या भिंतीला फटी आहेत. आणि आपला प्लॅस्टिकचा कचरा त्या फटीतून नव्या होड्या पाठवतो. अंटार्क्टिकातल्या ॲडलेड बेटाजवळ खोक्याला बांधायची एक प्लॅस्टिकची पट्टी मिळाली, तिच्यावर दहा जातींचे प्राणी बसलेले होते. पण केल्पवरून यायचं तर महिनोन्‌महिने तग धरावा लागतो. जहाज दोन दिवसांत आणून सोडतं.

आर्क्टिकमध्ये आणखी एक भानगड आहे. रिकामं जहाज समुद्रात डुलतं, म्हणून टाक्यांत पाणी भरून घेतात. त्याला बॅलास्ट म्हणतात. कोळसा किंवा खनिज भरून न्यायला येणारं जहाज रिकामं येतं आणि माल चढवताना ते पाणी तिथे ओतून देतं, पाण्याबरोबर दूरदेशीची हजारो पिल्लंही. यावरचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. आता हजार लिटर पाणी सोडायचं तर त्यात बारीक कणाएवढे किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमीच असले पाहिजेत. जहाजं त्यासाठी पाणी गाळतात, त्यावर अतिनील किरण सोडतात.

एकदा पाहुणा रुजला की काढणं किती अवघड, ते ऑस्ट्रेलियाला विचारा. मध्य अमेरिकेकडची एक काळ्या पट्ट्यांची शिंपली आहे. ती विशाखापट्टणमला १९६७ साली दिसली, मुंबईच्या गोदीतही आली आणि राहिली. तिच्याच जातकुळीतली शिंपली १९९९ मध्ये डार्विनच्या बंदरात सापडली, तेव्हा तिथल्या सरकारनं बोटींचे तीन धक्के बंद केले आणि पाण्यात क्लोरिन आणि मोरचूद ओतलं. शिंपल्या मेल्या, आणि त्यांच्याबरोबर तिथलं बाकी सगळंही मेलं. अंटार्क्टिकात हा उपाय कोण करणार? म्हणून पाहुण्याला दारातच अडवायला हवं.

असं अडवणारे देश आहेत. न्यूझीलंडनं २०१८ पासून सक्तीच केली, जहाजाचं बूड स्वच्छ असेल तरच या. २०२२ च्या डिसेंबरअखेर एक ऐषारामी जहाज शेकडो प्रवासी घेऊन तिकडे निघालं होतं. पोटाला शेवाळ आणि बारीकसारीक जीव चिकटलेत म्हणून त्याला बंदरात घेतलं नाही. बिचारं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून लांब समुद्रात उभं राहिलं आणि पाणबुडे खाली उतरून त्याचं पोट घासत बसले. प्रवाशांची बरीच ठिकाणं हुकली, ऐन नाताळच्या सुट्टीत. अंटार्क्टिकाच्या वाटेवर अशी सक्तीची तपासणी नाही. तो खंड कुणाच्याच मालकीचा नाही, त्यामुळे पाणबुडे कुणी पाठवायचे आणि त्यांचा पगार कुणी द्यायचा, इथूनच बोलणी सुरू करावी लागतील.